विश्लेषण : बुलेटला साइडकार जोडायची आहे? आधी आरटीओ, मग गॅरेज आणि शेवटी मोकळे मैदान

तिसरे चाक लागले की दुचाकी पडायची भीती संपते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात गाडीचा तोल, ब्रेक, वळण्याची पद्धत आणि कागदपत्रे असे सगळेच बदलते. साइडकार जोडण्यापूर्वी काय तपासावे, जोडणी कशी असावी आणि पहिल्या दिवशी गाडी कुठे चालवावी, याविषयी...

१९७५ साली आलेल्या ‘शोले’तील दोस्तीच्या गाण्यात साइडकार मोटारसायकलपासून सुटते, एकटीच धावते आणि पुन्हा येऊन जोडली जाते. पडद्यावर गंमत वाटते. रस्त्यावर मात्र साइडकारचा एक बोल्ट सैल झाला तरी त्याची किंमत शेजारी बसलेल्या माणसाला मोजावी लागते. त्या माणसाच्या हातात ना हँडल असते, ना ब्रेक.

आईवडिलांना मागच्या सीटवर बसणे जमत नाही, लहान मूल आहे, घरचे कुत्रे सोबत न्यायचे आहे किंवा जुन्या बुलेटची हौस आहे, अशा अनेक कारणांनी साइडकारचा विचार केला जातो. वेल्डिंग करून देणारे गॅरेजही सापडते. पण सुरुवात गॅरेजपासून केली की पुढचे बरेच प्रश्न उलटे सुटू लागतात.

साइडकार मागे का पडली?

एक चाक, लोखंडी चौकट आणि त्यावर बसण्याची जागा, एवढीच साइडकारची रचना. भारतात वाहने रस्त्याच्या डावीकडून चालतात, म्हणून ती डाव्या बाजूला जोडतात. त्यामुळे बसणारा फुटपाथच्या बाजूने चढतो-उतरतो. युरोप आणि अमेरिकेत बहुतांश देशांत वाहतूक उजवीकडून असल्याने तिथे ती उजव्या बाजूला असते. परदेशी व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांनी हा फरक आधी लक्षात घ्यावा. त्या व्हिडिओतील प्रत्येक ‘उजवे’ आपल्याकडे ‘डावे’ होते.

मोटार परवडत नव्हती तेव्हा साइडकार हे कुटुंबाचे वाहन होते. ब्रिटनमध्ये १९५९ साली ‘मिनी’ ही छोटी मोटार आली आणि साइडकारची गरज ओसरली. भारतात हेच काम डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने केले. रशियातील इर्बिट येथे मूळ धरलेल्या ‘उराल’सारख्या कंपन्या मात्र आजही साइडकारसह मोटारसायकल विकतात. ‘उराल’च्या काही मॉडेलमध्ये तर साइडकारच्या चाकालाही इंजिनाची ताकद मिळते. तिथे गाडीची चौकट, पुढचा फोर्क आणि ब्रेक हे सगळे साइडकार गृहीत धरूनच तयार होते. आपल्याकडची बुलेट दोन चाकांवर झुकत चालण्यासाठी बनवलेली आहे. जोडणीतील बहुतेक अडचणींचे मूळ या फरकात आहे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम २(२७) नुसार मोटारसायकलच्या व्याख्येत जास्तीचे चाक असलेली, काढता-घालता येणारी साइडकारही येते. म्हणजे साइडकार जोडल्याने गाडी रिक्षा किंवा मोटार ठरत नाही आणि गिअरच्या मोटारसायकलचाच परवाना लागतो.

या व्याख्येवर विसंबून अनेक जण पुढचे वाचत नाहीत. त्याच कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील, असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. आरसी बुकात आसनसंख्या आणि गाडीचे रिकामे वजन नोंदवलेले असते. साइडकारमुळे नेमके हेच दोन आकडे बदलतात. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधील एका प्रकरणात उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार, परवानगी नसलेले सुटे भाग बसवून गाडीत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

म्हणून पहिली पायरी म्हणजे आपल्या आरटीओत लेखी विचारणा. गाडीचे मॉडेल, साइडकार कोणाची, तिचे वजन किती आणि जोडणी कशी, हे लिहून द्यावे आणि उत्तरही लेखी घ्यावे. ‘वाहन’ पोर्टलवरील वाहनप्रकारांत साइडकार असलेल्या मोटारसायकल-स्कूटरसाठी वेगळी नोंद आहे. तयार साइडकार विकत घ्यायची असेल तर तिला पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र आहे का, हे विक्रेत्याला विचारावे. साइडकारसह नोंद असलेली जुनी गाडी मिळाली तर कागदांचा प्रवास बराच सोपा होतो. अर्थात आरसीवरील वाहनप्रकार स्वतः वाचूनच व्यवहार करावा.

विमा कंपनीला कळवणे ही दुसरी पायरी. न कळवता केलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या वेळी वादाचा मुद्दा ठरतो. साइडकारची पॉलिसीत नोंद झाली, हे कागदावर दिसले पाहिजे. हेल्मेटबाबत तर शंकाच नको. कलम १२९ मोटारसायकलवरून नेल्या जाणाऱ्या चार वर्षांवरील प्रत्येकाला लागू आहे. साइडकारमध्ये बसणारा त्याला अपवाद नाही.

कोणती गाडी चालेल?

जुना ठोकताळा असा की रिकामी साइडकार मोटारसायकलच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश असावी. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० चे वजन १९५ किलो. म्हणजे साइडकार ६५ किलोच्या आसपास. साइडकार फार हलकी असेल तर तिचे चाक पटकन उचलले जाते. फार जड असेल तर तीच मोटारसायकलला ओढू लागते.

याच गाडीचे इंजिन सुमारे २० अश्वशक्तीचे आहे. साइडकार आणि त्यात बसलेला माणूस मिळून सव्वाशे ते दीडशे किलो वाढले की चढावर इंजिनाची दमछाक होते, क्लच लवकर झिजतो आणि मायलेज घटते. यावर उपाय म्हणून कमी दात्यांचे पुढचे स्प्रॉकेट बसवतात. ओढ वाढते, पण वेग कमी होतो. साइडकारवाल्याला तसाही वेग नको असतो.

शंभर-सव्वाशे सीसीच्या हलक्या गाड्यांना हे ओझे झेपत नाही. ज्या मोटारसायकलमध्ये इंजिन हाच चौकटीचा भाग असतो आणि खाली भक्कम नळी नसते, तिला क्लॅम्प बसवायला जागाच मिळत नाही. तिथे आधी वेगळी उपचौकट बनवावी लागते. ते काम गल्लीतल्या वेल्डरचे नव्हे.

जोडणी किती ठिकाणी असावी?

चार ठिकाणी. खालचे दोन जोड पुढे-मागे गाडीचे वजन आणि ओढ घेतात. वरचे दोन जोड तिरकस दांड्यांचे असतात आणि ते मोटारसायकल सरळ उभी धरतात. तीन जोडांवर उभी केलेली गाडी गॅरेजच्या दारात ठाम वाटते, पण खड्ड्यांतून चालल्यावर ती पिळवटू लागते.

वरच्या दांड्यांची लांबी आटे फिरवून कमी-जास्त करता आली पाहिजे, कारण पुढची सगळी मापे त्यावरच जुळवायची असतात. मोटारसायकलच्या चौकटीला थेट वेल्डिंग करू नये. उष्णतेने नळी कमकुवत होते आणि तडा गेला तर तो रंगाखाली दिसत नाही. चांगल्या दर्जाचे बोल्ट, आपोआप सैल न होणारे नट आणि नळीभोवती घट्ट बसणारे क्लॅम्प वापरावेत.

कोणती तीन मापे महत्त्वाची?

पहिले माप पुढाव्याचे. साइडकारचे चाक मोटारसायकलच्या मागच्या चाकाच्या रेषेत नसते, ते थोडे पुढे असते. साधारण १५० ते २५० मिलिमीटर. उजवे वळण घेताना जोरात ब्रेक लागला तर गाडी डावीकडे पुढच्या कोपऱ्यावर कलंडू पाहते. पुढे असलेले चाक तो कोपरा सावरते. पुढावा फार ठेवला तर हँडल जड होते आणि टायर घासतात.

दुसरे माप चाकाच्या रोखाचे. साइडकारचे चाक अगदी समांतर न ठेवता त्याचा पुढचा भाग किंचित मोटारसायकलकडे वळवतात. साइडकार सतत डावीकडे ओढत असते, ही ओढ त्यामुळे कमी होते. मोजायची पद्धत सोपी आहे. मोटारसायकलच्या दोन्ही चाकांना टेकून एक लांब सरळ अॅल्युमिनियमची पट्टी ठेवावी, दुसरी साइडकारच्या चाकाला टेकवावी. दोन पट्ट्यांमधले अंतर पुढच्या चाकाच्या पुढे आणि मागच्या चाकाच्या मागे मोजावे. पुढचे अंतर मागच्यापेक्षा १० ते २५ मिलिमीटरने कमी हवे. ते जास्त झाले तर नवा टायर काही दिवसांतच एका बाजूने झिजतो.

तिसरे माप झुकावाचे. मोटारसायकल साइडकारपासून दूर, म्हणजे आपल्याकडे उजवीकडे, एक-दोन अंश झुकलेली असावी. पाणी वाहून जाण्यासाठी रस्ता मधून कडेकडे उतरता असतो, त्यामुळे डावीकडून चालणारी गाडी आणखी डावीकडे ओढली जाते. हा झुकाव ती ओढ भरून काढतो. गवंड्याचा ओळंबा आणि कोनमापक पुरेसा आहे. हे माप घेताना चालवणारा गाडीवर बसलेला असावा. रिकाम्या गाडीवर जुळवलेला झुकाव माणूस बसून शॉकअप दबले की बदलतो.

ब्रेक आणि हँडलचे काय?

साइडकारच्या चाकाला ब्रेक नसेल तर ब्रेक दाबताच मोटारसायकल थांबू लागते, पण साइडकार पुढे जाऊ पाहते. परिणामी गाडी उजवीकडे, समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूला वळते. अॅक्सिलरेटर पिळला की उलट होते. साइडकार मागे राहते आणि गाडी डावीकडे ओढते. हँडलवरील हात दिवसभर या दोन ओढींची बरोबरी करत असतात.

म्हणून वजन घेऊन चालणाऱ्या साइडकारच्या चाकाला ब्रेक हवाच. अलीकडच्या १२५ सीसीवरील मोटारसायकलींना एबीएस असते. साइडकारचा ब्रेक जोडण्यासाठी एबीएसच्या नळीला मध्येच फाटा काढणे धोक्याचे आहे, कारण ती यंत्रणा दोनच चाकांसाठी आखलेली असते. त्याऐवजी साइडकारला स्वतंत्र मास्टर सिलिंडर आणि मागच्या ब्रेकजवळ वेगळे पेडल देण्याचा मार्ग आहे.

हँडलही जड होते. दुचाकीचा पुढचा फोर्क असा तिरका असतो की चाक आपोआप सरळ होऊ पाहते. झुकणाऱ्या गाडीत हा गुण उपयोगी पडतो, न झुकणाऱ्या गाडीत त्याच्याशीच झगडावे लागते. कमी वेगात हँडल थरथरते, त्यासाठी स्टिअरिंग डॅम्पर बसवतात. फोर्क बदलणे हा आणखी एक उपाय आहे. पण आरटीओच्या दृष्टीने तोही एक बदलच.

डावे वळण अवघड का?

या सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे. दुचाकी वळताना आपण झुकतो. साइडकार लागली की गाडी झुकत नाही, हँडल ज्या बाजूला वळवावे त्या बाजूला ती वळते. डावीकडे वळताना गाडीला बाहेर, म्हणजे उजवीकडे फेकणारा जोर लागतो. उजव्या बाजूला आधाराला चाक नसते. साइडकारचे वजन पुरले नाही की तिचे चाक जमिनीवरून सुटते.

हे किती वेगाला होईल? ढोबळ गणित करता येते. गाडी १९५ किलो, चालवणारा ७५ किलो, साइडकार ६५ किलो. साइडकारचे वजन मोटारसायकलच्या रेषेपासून ७० सेंटिमीटरवर आणि सगळ्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर धरू. २० मीटर त्रिज्येच्या डाव्या वळणावर साइडकारचे चाक उचलले जाण्याचा वेग असा येतो :

• साइडकार रिकामी : ताशी सुमारे २४ किमी
• ३० किलो वाळूची पोती ठेवून : ताशी सुमारे २८ किमी
• ७० किलोचा माणूस बसवून : ताशी सुमारे ३१ किमी

प्रत्येक गाडीचे आकडे वेगळे येतील, पण त्यातला इशारा सगळ्यांना सारखाच लागू आहे. वडिलांना साइडकारमध्ये बसवून स्टेशनवर सोडताना जे वळण ताशी २८ किमीने सहज निघाले, तेच वळण परतीच्या वाटेवर मिळाले आणि ते डावे असले तर रिकामी साइडकार त्याच वेगाला हवेत उचलली जाऊ शकते. रस्ता ओळखीचा, गाडी तीच. बदलले ते फक्त शेजारचे वजन. म्हणून साइडकार चालवणाऱ्याने वळणाआधी दोन गोष्टी पाहायच्या : वळण किती तीव्र आहे आणि शेजारी कोण बसले आहे.

चाक उचलले गेलेच तर दचकून हँडल आणखी आवळू नये. अॅक्सिलरेटर सावकाश सोडत वळण थोडे मोकळे करावे, चाक खाली येते. अडचण अशी की डावे वळण मोकळे करणे म्हणजे रस्त्याच्या मध्याकडे, समोरच्या वाहनाकडे जाणे. आंबेनळी किंवा वरंध घाटातील अरुंद वळणावर त्यासाठी जागा मिळेलच असे नाही. त्यामुळे वेग वळणात शिरण्यापूर्वीच कमी झालेला असावा.

शिकायचे कुठे आणि कसे?

दहा-वीस वर्षे बुलेट चालवलेल्या माणसालाही साइडकार नव्याने शिकावी लागते. किंबहुना जुन्या सवयीच आड येतात. पहिला सराव मोकळ्या, सपाट मैदानात, साइडकारमध्ये ३० ते ५० किलो वाळूची पोती घट्ट बांधून करावा. सुट्या पोत्याने वजन ऐन वळणावर सरकते. माणूस बसवून शिकू नये.

• आधी सरळ रेषेत चालवून, थांबवून अॅक्सिलरेटर आणि ब्रेकची ओढ हातांना कळू द्यावी.
• मग मोठी उजवी वर्तुळे, नंतर मोठी डावी वर्तुळे. वर्तुळ हळूहळू लहान करावे.
• इंग्रजी आठच्या आकड्यात गाडी फिरवावी. डाव्या-उजव्या वळणातला फरक इथे नीट समजतो.
• साइडकारचे चाक कोणत्या क्षणी हलके होते, हे कमी वेगातच अनुभवावे.
• थांबताना पाय जमिनीवर टेकवू नयेत. दुचाकीची ही सवय इथे महागात पडते. डावा पाय मोटारसायकल आणि साइडकारच्या चौकटीत अडकू शकतो.
• वाळू कमी करत शेवटी रिकाम्या साइडकारसह सराव करावा. रस्त्यावर एकट्याने परतायचे असतेच.

आपल्या रस्त्यांवर काय सांभाळावे?

दुचाकी खड्डा चुकवते, मोटार दोन चाकांच्या मधून खड्डा काढते. साइडकारच्या गाडीची मात्र दोन समांतर रेषांत धावणारी तीन चाके असतात आणि त्यातले एक रस्त्याच्या कडेला असते. डांबर संपून साइडपट्टी खाली गेलेली असेल तर तिसरे चाक तिथे घसरते आणि अख्खी गाडी डावीकडे खेचली जाते. पावसाळ्यात कडेचा चिखल आणि साचलेले पाणी हाच धोका वाढवतात.

गाडीची रुंदी दुपटीहून अधिक होते. सिग्नलवर वाहनांच्या मधून पुढे जाणे विसरावे लागते. रात्री समोरून येणाऱ्याला एकच हेडलाइट दिसतो आणि तो दुचाकी समजून जागा ठेवतो. म्हणून साइडकारच्या डाव्या टोकाला पुढे-मागे दिवा आणि रिफ्लेक्टर असलेच पाहिजेत. इंडिकेटरही साइडकारच्या आड झाकला जाता कामा नये.

दिव्यांगांसाठी वेगळी वाट

स्कूटरला दोन्ही बाजूंना जास्तीची चाके लावलेली वाहने अनेक दिव्यांग व्यक्ती वापरतात. ती साइडकार नव्हेत. कायद्यात त्यांना ‘अनुकूलित वाहन’ म्हणून स्वतंत्र व्याख्या आहे आणि कलम ५२ मध्ये अशा बदलासाठी नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मान्यतेची तरतूदही आहे. वाहन दिव्यांग व्यक्तीसाठीच हवे असेल तर साइडकारच्या वाटेला जाण्यापूर्वी ही तरतूद आरटीओत समजून घ्यावी.

ताबा घेण्यापूर्वी हे तपासा

• आरटीओचे लेखी उत्तर, आरसीवरील नोंद आणि विम्याची नोंद हातात आहे का?
• चारही जोड भक्कम आहेत का? चौकटीला थेट वेल्डिंग तर केलेले नाही ना?
• पुढावा, रोख आणि झुकाव ही तीन मापे गॅरेजने लिहून दिली आहेत का? पुढे टायर झिजला की तुलना करायला ती लागतात.
• सपाट रस्त्यावर ताशी ३० किमीने हँडल हलके धरल्यावर गाडी साधारण सरळ जाते का?
• साइडकारचा ब्रेक लागतो का? ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला किती ओढते?
• पहिल्या १०० किमीनंतर सर्व नट-बोल्ट पुन्हा आवळायचे आणि चाकांचे स्पोक तपासायचे. न झुकणाऱ्या गाडीत वळणावरचा आडवा जोर थेट स्पोकवर येतो.

हे सगळे पार पडले, रिकाम्या साइडकारसह डावे वळण अंगवळणी पडले, की मगच शेजारच्या जागेवर माणूस बसवावा. त्यालाही दोन गोष्टी सांगून ठेवाव्यात : हेल्मेट काढायचे नाही आणि चालत्या गाडीत अचानक उजवीकडे कलून गप्पा मारायच्या नाहीत. कारण त्या जागेवर बसलेला माणूस हा नुसता प्रवासी नसतो, गाडीचा तोलही त्याच्याच वजनावर असतो.